घरांचा दलाल, त्याचा परवाना आणि त्याचा अभ्यास



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, समाजकारण यांवर बोलावे. घरांच्या दलालाबद्दल काय बोलायचे आणि काय ऐकायचे? पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या परंपरेला आरंभ केला, तिला रोजच्या अर्थव्यवहाराचे विषय कधी वर्ज्य नव्हते. शिवाय आपल्याकडची म्हणच आहे, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. लग्न जुळवणारा मध्यस्थ कसा आहे याची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. घर जुळवणाऱ्या मध्यस्थाची मात्र कोणी करत नाही. म्हणून तासभर त्याच्याविषयी विचार केला तर तो वाया जाणार नाही, अशी माझी समजूत आहे.

या विषयाचा जुना आणि विस्तृत अनुभव अमेरिकेच्या संस्थानांपाशी आहे. तेथे घराच्या खरेदीविक्रीत मध्यस्थी करून दलाली घ्यावयाची असेल, तर संस्थानाचा परवाना लागतो. हा परवाना वॉशिंग्टनचे सरकार देत नाही. पन्नास संस्थानांचे पन्नास कायदे आहेत, आणि एका संस्थानातील परवानाधारकाला सीमेपलीकडे धंदा करावयाचा तर बहुधा तेथील नियमांप्रमाणे पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते. परवाना मिळविण्यापूर्वी अमुक तासांचा अभ्यास, मग परीक्षा, आणि परवाना मिळाल्यावर तो टिकविण्यासाठी दर काही वर्षांनी पुन्हा अभ्यास, असा हा क्रम आहे. यातून समाजाच्या पदरात नेमके काय पडले आणि काय पडले नाही, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम इतिहास पाहू. १८८६ ते १८८८ या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात जमिनींच्या व्यवहाराला विलक्षण तेजी आली. रेल्वे नुकतीच पोहोचली होती, पूर्वेकडून माणसांचे लोंढे येत होते, आणि कागदावर रोज नवी गावे वसत होती. ओसाड वाळवंटातील काटेरी झाडांच्या टोकांना संत्री टोचून, ही पाहा आमची फळबाग, असे म्हणत भोळ्या गिऱ्हाइकांना भूखंड विकल्याची गोष्ट तिकडे अजून सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या काळातील व्यवहाराची नीतिमत्ता तिच्यात नेमकी उतरली आहे. ज्याला बोलता येते तो दलाल, अशी स्थिती होती. धंद्यात थोडीबहुत अब्रू असलेल्या माणसांनाच तिची लाज वाटू लागली. १९०८ साली शिकागोत या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९१३ साली तिने आपली आचारसंहिता तयार केली. पण स्वेच्छेची आचारसंहिता सज्जनांनाच बांधते. जो संघटनेत नाही त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर सरकारच देऊ शकत होते.

१९१७ साली कॅलिफोर्नियाने परवान्याचा कायदा केला. अमेरिकेतील या प्रकारचा पहिला कायदा म्हणून त्याचा उल्लेख होतो. तो तेथील सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. १९१९ साली संस्थानाने पुन्हा कायदा केला, त्यालाही आव्हान मिळाले, पण या वेळी न्यायालयाने तो उचलून धरला. या निकालातील विचार महत्त्वाचा आहे. दलाल हा दुसऱ्याचा प्रतिनिधी म्हणून, विश्वासाच्या नात्याने काम करतो. म्हणून त्याच्यापाशी सचोटी असावी अशी अट घालण्याचा संस्थानाला अधिकार आहे, असे न्यायालयाच्या म्हणण्याचे सार आहे.

या 'विश्वास' शब्दापाशी आपण क्षणभर थांबू. भाजी घेताना आपण फसलो तर उद्या दुसऱ्या भाजीवालीकडे जातो. रोज फसण्याचा आणि रोज शहाणे होण्याचा तेथे अवसर असतो. घर मनुष्य आयुष्यात एकदा घेतो, फार तर दोनदा. त्यामुळे या व्यवहारात गिऱ्हाईक नेहमी नवशिके असते आणि दलाल नेहमी मुरलेला असतो. दुसरी गोष्ट, वस्तूचे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. भिंतीची ओल एक वेळ दिसेल, पण मालकी हक्कातील ओल कशी दिसणार? तिसरी गोष्ट, दलालाची दलाली सौदा झाला तरच मिळते. 'हे घर घेऊ नका' असा सल्ला देणे त्याच्या पोटाच्या विरुद्ध जाते. अज्ञान एकाच्या पदरी आणि लाभ दुसऱ्याच्या पदरी, अशी जेथे वाटणी असते तेथे समाजाला मध्ये पडावे लागते. वैद्याला परवाना लागतो तो याच कारणासाठी.

आता आजची व्यवस्था पाहू. कॅलिफोर्नियात दोन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर विक्रेता आणि वरच्या पायरीवर ब्रोकर. विक्रेत्याला स्वतंत्रपणे धंदा करता येत नाही. त्याला कोणा ब्रोकरच्या हाताखाली काम करावे लागते, आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी ब्रोकरवर असते. विक्रेता होण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत आणि प्रत्येकी ४५ तासांचे तीन अभ्यासक्रम, म्हणजे एकूण १३५ तास, पुरे करावे लागतात. नंतर १५० प्रश्नांची परीक्षा होते आणि तीत शेकडा ७० गुण मिळवावे लागतात. ब्रोकर होण्यासाठी आठ अभ्यासक्रम आणि साधारणपणे दोन वर्षांचा अनुभव लागतो. परवाना चार वर्षांचा असतो. चार वर्षांनी तो नवा करून घ्यावयाचा तर मधल्या काळात ४५ तासांचा अभ्यास झालेला असावा लागतो. त्यात नीतिनियम, प्रतिनिधित्वाचा कायदा, गिऱ्हाइकाच्या ठेवीच्या पैशांचा सांभाळ, जोखमीचे व्यवस्थापन आणि घरांच्या बाबतीत भेदभाव न करण्याचा कायदा हे विषय टाळता येत नाहीत.

टेक्सास त्याहून कडक आहे. तेथे आरंभीच १८० तास लागतात, आणि पहिल्या नूतनीकरणापूर्वी जवळजवळ शंभर तासांचा अभ्यास आणखी करावा लागतो. पुढे दर दोन वर्षांनी १८ तास. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०२२ पासून ७५ ऐवजी ७७ तास झाले, आणि दर दोन वर्षांनी साडेबावीस तास.

हे आकडे ऐकून एक मौज सांगावीशी वाटते. ज्या कॅलिफोर्नियात घर विकण्यास १३५ तासांचा अभ्यास पुरतो, तेथेच न्हाव्याच्या परवान्यासाठी १००० तासांचे शिक्षण लागते. वाकडे कापलेले केस महिन्याभरात वाढून सारखे होतात. वाकडा झालेला खरेदीचा सौदा नातवंडांपर्यंत सरळ होत नाही! यावरून एवढेच समजावे की, तासांचे आकडे शास्त्रीय मोजमापाने ठरलेले नसतात. ते बैठकींतून, तडजोडींतून आणि रूढीतून ठरतात. आकडा मोठा म्हणून शिक्षण मोठे, असे होत नाही.

येथे पहिला आक्षेप पुढे येतो आणि तो घेणारे लहान लोक नाहीत. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धंद्यांच्या परवान्यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. परवाना मागतात गिऱ्हाइकांच्या नावाने, पण मागणारे असतात धंद्यातलेच लोक, आणि त्यांचा हेतू नव्या माणसाला दार बंद करण्याचा असतो, असा त्यांचा रोख आहे. हा आक्षेप पुष्कळ धंद्यांना लागू पडतो. पण घरांच्या दलालीत काय घडले ते पाहा. दार बंद झालेच नाही. आज तेथील राष्ट्रीय संघटनेच्या सभासदांची संख्याच सुमारे पंधरा लाख आहे. शेह आणि मोरेट्टी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शहरांत घरांच्या किमती वाढल्या, तेथे शेकडेवारीने ठरलेली दलालीही वाढली. पण त्या लोभाने इतके नवे दलाल धंद्यात शिरले, की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे सौदे कमी झाले आणि कमाई होती तेथेच राहिली. म्हणजे गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजले, ते दलालाच्याही हाती राहिले नाहीत. पुष्कळ दलाल थोड्या घरांच्या मागे धावण्यात ते खर्ची पडले. सारांश, येथे परवान्याने फार अडवले हे खरे दुखणे नव्हे. परवान्याने फारसे निवडलेच नाही, हे दुखणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सचोटीची परीक्षा घेता येते काय? दीडशे प्रश्नांची उत्तरे लबाड मनुष्यही बरोबर लिहील. कदाचित अधिक बरोबर लिहील. आणि शिक्षण म्हटले की ते चांगलेच असते, हेही आपण गृहीत धरतो. या बाबतीत अमेरिकेचा इतिहास फार बोलका आहे. ज्या संघटनेने आचारसंहिता निर्माण केली, तिनेच १९२४ साली तीत एक कलम घातले. ज्या वंशाच्या लोकांच्या येण्याने वस्तीतील घरांच्या किमती उतरतील, अशांना त्या वस्तीत आणण्यास दलालाने कारण होऊ नये, असा त्या कलमाचा आशय होता. म्हणजे काळ्या माणसाला गोऱ्या वस्तीत घर न दाखविणे हे नीतीचे आचरण म्हणून शिकविले जात होते! त्या कलमातील वंशाचा उल्लेख १९५० साली निघाला. १९६८ साली भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला, त्यालाही संघटनेने विरोध केला होता. २०२० साली तिच्या अध्यक्षांनी या साऱ्याबद्दल जाहीर माफी मागितली. माफीचे मोल मी कमी लेखत नाही. पण धडा हा, की धंद्याच्या हाती शिक्षण सोपवले की धंद्याच्या समजुती शास्त्र म्हणून शिकविल्या जाण्याचा धोका असतो.

आणि कायदा बदलला, पाठ बदलला, म्हणून आचरण बदलते काय? न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील 'न्यूजडे' या वृत्तपत्राने या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी तीन वर्षे खर्च केली. सारखी ऐपत आणि सारखी गरज सांगणारी दोन गिऱ्हाइके, एक गोरे आणि एक अन्य वंशाचे, एकामागून एक त्याच दलालाकडे पाठवावयाची आणि संभाषण गुप्तपणे टिपावयाचे, अशी पद्धत होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काळ्या गिऱ्हाइकांना शेकडा ४९ वेळा, लॅटिन अमेरिकी वंशाच्या गिऱ्हाइकांना ३९ वेळा आणि आशियाई वंशाच्या गिऱ्हाइकांना १९ वेळा वेगळी वागणूक मिळाली होती. ध्यानात घ्या, हे सारे परवानाधारक होते, परीक्षा उत्तीर्ण झालेले होते, आणि भेदभावविरोधी कायद्याचे तास त्यांनी भरले होते. त्या पत्राचे लोक अशा काही वर्गांतही जाऊन बसले. तेथील शिकवणीत बरीच उणीव त्यांना आढळली. तास भरले जात होते, पण विषय मनापर्यंत पोहोचत नव्हता.

यावर न्यूयॉर्कने काय केले? विषय वाढविले, तास वाढविले. मघाशी सांगितलेले ७५ चे ७७ तास झाले ते यातूनच. कॅलिफोर्नियानेही अंगभूत पूर्वग्रहांवर दोन तासांचा पाठ सक्तीचा केला. मी याची थट्टा करीत नाही. पण प्रत्येक लाजिरवाण्या घटनेनंतर दोन तास वाढवावयाचे, ही वरातीमागून घोडे नेण्याची रीत झाली. निरंतर शिक्षणाचा पुष्कळ भाग आता घरी बसून संगणकावर होतो, आणि परवान्याची मुदत संपत आली की सारे ४५ तास एका दमात उरकण्याचा मोह होतो. म्हणून कॅलिफोर्नियाला असा नियम करावा लागला की, चोवीस तासांत पंधरा तासांहून अधिक अभ्यासाच्या परीक्षा देता येणार नाहीत. हा नियमच मनुष्यस्वभावाविषयी जे सांगावयाचे ते सांगतो.

मग परवाना आणि अभ्यास व्यर्थ आहेत काय? माझे मत तसे नाही. परवान्याचे खरे बळ तो देण्यात नाही. तो काढून घेता येतो, यात आहे. ज्याच्यापाशी काही नाही त्याचे काय काढून घेणार? परवाना दिल्यावर मात्र मनुष्याचे नाव नोंदले जाते, त्याच्याविरुद्धची तक्रार कोठे करावयाची ते ठरते, आणि त्याच्यावर झालेली शिस्तीची कारवाई कोणालाही पाहता येते. कॅलिफोर्नियात आणखी एक सोय आहे. परवानाधारकाने फसवले, न्यायालयाचा हुकूमनामा झाला, पण त्याच्यापाशी वसूल करण्यासारखे काही उरले नाही, तर परवान्याच्या शुल्कातून उभारलेल्या निधीतून गिऱ्हाइकाला एका व्यवहारामागे ५०,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. सबंध धंद्याने आपल्यातील लबाडाचे प्रायश्चित्त घ्यावे, अशी ही कल्पना आहे. मला ती फार मोलाची वाटते.

अभ्यासाचेही तसेच आहे. सचोटी शिकविता येत नाही हे खरे, पण 'मला ठाऊक नव्हते' ही सबब काढून घेता येते. आणि कायदे खरोखरच बदलतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने दलालीच्या दाव्यांत ४१.८ कोटी डॉलर देण्याची तडजोड मान्य केली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून खरेदीदाराला घर दाखविण्यापूर्वी त्याच्याशी दलालीचा लेखी करार करण्याची रीत सुरू झाली. वीस वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्या माणसाला हे कोण सांगणार? गाडीचा परवाना असणारा मनुष्य निदान रोज रस्त्यावर नव्या पाट्या वाचतो. कायद्याच्या पाट्या रस्त्यावर लागत नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रात १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. त्याने बिल्डरला बांधले. दलाल मोकळा राहिला. चहाच्या टपरीवर बसणारा, किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा, दोन्ही बाजूंकडून दलाली घेणारा आणि तक्रारीच्या वेळी न सापडणारा दलाल आपण सर्वांनी पाहिला आहे. यांत भले लोकही पुष्कळ होते व आहेत. पण भला कोणता आणि बुरा कोणता हे ओळखण्याची खूण नव्हती. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने प्रथमच दलालाला नोंदणीची सक्ती केली. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर त्याने विकू नये, हिशेब ठेवावेत, खोटी आश्वासने देऊ नयेत, असे कर्तव्य घातले. हे मोडल्यास दिवसाला १०,००० रुपये, आणि वाढत वाढत घराच्या किमतीच्या शेकडा पाचपर्यंत दंड ठेवला. महाराष्ट्राचे प्राधिकरण, ज्याला आपण महारेरा म्हणतो, ते २०१७ साली कामाला लागले. जानेवारी २०२३ मध्ये त्याने आणखी एक पाऊल टाकले. दलालाला प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचे केले. मुदत दोनदा वाढली, अखेर १ जानेवारी २०२४ ही तारीख कायम झाली. ज्यांनी ती पाळली नाही अशा हजारो जणांच्या नोंदण्या स्थगित झाल्या. ज्या धंद्यात कालपर्यंत पाटी लावणे एवढीच पात्रता होती, त्यात हे घडले याचे मोल मोठे आहे.

पण अमेरिकेचा शंभर वर्षांचा अनुभव समोर ठेवून मला तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत.

पहिली. हा कायदा नोंदणी झालेल्या नव्या प्रकल्पांतील विक्रीपुरता दलालाला बांधतो. जुन्या इमारतीतील घराची फेरविक्री, पागडीचे हस्तांतर, भाड्याची खोली येथे तो पोहोचत नाही. आणि सामान्य माणसाचा दलालाशी पहिला संबंध येतो तो भाड्याच्या खोलीसाठीच. शिकावयास शहरात आलेला मुलगा, बदलीवर आलेला कारकून, यांच्या वाट्याला नोंदणी नसलेलाच दलाल येतो. जेथे गरज अधिक तेथे कुंपण नाही, हे नीट नव्हे.

दुसरी. दर पाच वर्षांनी होणाऱ्या नोंदणीच्या नूतनीकरणाला नव्या अभ्यासाची खरी जोड हवी, पण तासांच्या हजेरीची नको. सातबारा आणि इंडेक्स दोन यांत काय फरक, चटई क्षेत्र कसे मोजतात, करार नोंदविण्यापूर्वी बिल्डरला शेकडा दहाहून अधिक रक्कम घेता येत नाही हे कोणत्या कलमाने, तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यात गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीचे काय होते, हे प्रश्न खऱ्या कागदपत्रांवरून सोडवून घ्यावेत. कागद पुढे ठेवावा आणि यातील खोट दाखव म्हणावे. आणि हे शिकविणे केवळ बिल्डरांच्या आणि दलालांच्या संघटनांवर सोपवू नये. ग्राहकांच्या वतीने बोलणाऱ्यांनाही त्यात जागा हवी. १९२४ च्या कलमाचा धडा हाच आहे.

तिसरी गोष्ट बोलावयास अवघड, पण बोललीच पाहिजे. आपल्या शहरांतही 'आडनाव काय?', 'मांसाहारी का?', 'कोणत्या धर्माचे?' हे प्रश्न दलालच विचारतो. मालकाचा पूर्वग्रह दलालाच्या तोंडून बोलतो. अमेरिकेत भेदभाव दडवावा लागतो, कारण १९६८ चा कायदा आहे. आपल्याकडे खासगी व्यवहारात तसा व्यापक कायदा नाही, म्हणून तो उघड असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरविला. कायदा केव्हा बदलेल ते मला सांगता येणार नाही. पण दलालाच्या अभ्यासक्रमात, आचारसंहितेत, हा प्रश्न आजही घालता येईल. त्यास कोणाची आडकाठी आहे?

मी समारोप करतो. परवाना म्हणजे सज्जनपणाचे प्रमाणपत्र नव्हे. ती समाजाने माणसाच्या हाती दिलेली ठेव आहे, आणि ठेव परत मागता आली पाहिजे. अभ्यासाचेही मोल तासांवर नाही. तो अभ्यास केलेल्या माणसाने दारात आलेल्या नवशिक्याला 'हे घर घेऊ नका' असे एकदा तरी सांगितले काय, यावर आहे. पण सारा भार दलालावर टाकून आपणही मोकळे होऊ नये. घरी गेल्यावर एक करा. पुढच्या वेळी कोणी दलाल घर दाखवावयास आला, तर घराच्या आधी त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. त्याला राग आला तर समजा, आपले काम झाले. त्या घराची पायरी चढू नका. आणि त्याने हसून क्रमांक सांगितला, तर तो खरा आहे की नाही ते महारेराच्या नोंदीत पडताळून मगच पायरी चढा. गिऱ्हाईक विचारू लागले म्हणजे परवान्याला अर्थ येतो. तोवर तो भिंतीवरचा कागद असतो.